कुलूप कोणाच्या हाती? मिरजेचे तीन रूळमार्ग, सुप्याचे कर्जरोखे आणि हप्त्यावरचा स्मार्टफोन

१/
१९७१ नंतर बरीच वर्षे मिरज जंक्शनवर रुळांच्या तीन जाती शेजारी-शेजारी नांदत होत्या. पुण्याहून येणारा मार्ग ब्रॉड गेज, लोंढ्याकडे जाणारा मीटर गेज आणि पंढरपूरमार्गे कुर्डुवाडीला जाणारा नॅरो गेज. दोन रुळांमधील अंतर अनुक्रमे साडेपाच फूट, एक मीटर आणि अडीच फूट. एका मार्गावरची वाघीण दुसऱ्या मार्गावर चढूच शकत नसे. प्रवाशाने फलाट बदलावा, मालाने हमालाच्या पाठीवरून पलीकडच्या वाघिणीत जावे, असा तो रिवाज होता. ग्राहकाला एका जाळ्याशी बांधून ठेवणे म्हणजे काय, हे दक्षिण महाराष्ट्राला मोबाइलच्या कितीतरी आधी मिरजेच्या फलाटावर ठाऊक झाले होते.

२/
हे आठवण्याचे कारण समाजमाध्यमांवर वारंवार फिरणारे एक मत. ते असे : मोबाइल कंपनीकडून फोन घ्यायचा आणि दोन-तीन वर्षे तिच्याच दावणीला राहायचे, हा अमेरिकेचा रोग आहे. भारतीय ग्राहक मात्र पहिल्यापासून मोकळा. तो दुकानातून अनलॉक फोन सोप्या हप्त्यांवर घेतो आणि हवे ते सिम घालतो.

या मतात दोन चुका आहेत. पहिली इतिहासाची : भारतात कंपनीचे कुलूप होते, आणि ते अनेकदा आले. दुसरी वर्तमानाची : हप्त्यावरचा फोन अनलॉक असतो हे आता निम्मेच खरे उरले आहे. सिमचे कुलूप निघाले आणि त्या जागी कर्जाचे बसू लागले.

३/
प्रथम रुळांचा हिशेब पुरा करावा. मिरजेला नॅरो गेज आणणारी बार्शी लाइट रेल्वे ही एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याची निर्मिती. १८९७ मध्ये तिची पहिली गाडी बार्शीला पोहोचली; पुढे फाटे फुटत १९२७ मध्ये ती मिरजेस आली. अडीच फुटी मार्ग स्वस्तात होत असे. ब्रॉड गेजच्या खर्चात ज्या गावांना रेल्वे कधीच मिळाली नसती, त्यांना ती मिळाली.

हे उपकार नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्या स्वस्ताईची किंमत पुढे प्रत्येक पोत्यामागे, प्रत्येक गाडीबदलामागे चुकवावी लागली. मिरज-पंढरपूर मार्ग ब्रॉड गेज होईपर्यंत २०१० चा सुमार उजाडला. आरंभी वाचलेला पैसा आणि नंतरची आठ दशकांची अडवणूक, हे दोन्ही एकाच खातेवहीत मांडले पाहिजेत.

४/
मिरजेहून निघणारा दुसरा मार्ग याहून बोलका आहे. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. तिचा खर्च कोल्हापूर संस्थानाने केला. गाड्या मात्र सदर्न मराठा रेल्वे कंपनीने चालवल्या. मालकी एकाची आणि चालवण्याची किल्ली दुसऱ्याची.

हा भेद ध्यानात ठेवावा. वस्तू कोणाच्या पैशाने आली आणि ती चालू-बंद करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे दोन प्रश्न वेगळे असतात. फोनच्या चर्चेत लोक पहिला प्रश्न विचारून थांबतात.

५/
आता दूरध्वनी. तारेच्या फोनच्या काळात घरातले काळे यंत्र दूरसंचार खात्याचे असे. वर्गणीदार फक्त ते वापरी. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कोलकात्याहून सुखराम यांना दिल्लीत पहिला मोबाइल कॉल केला आणि नवे युग सुरू झाले. त्या युगाची तांत्रिक पायाभरणी जीएसएम पद्धतीची होती. तीत ग्राहकाची ओळख सिमकार्डात आणि यंत्र निराळे. म्हणून फोन कोठूनही घ्यावा आणि सिम कोणाचेही घालावे, हे शक्य झाले.

भारतीय ग्राहकाच्या मोकळेपणाचे मूळ येथे आहे. त्यात राष्ट्रीय स्वभावाचा भाग नाही. तो एका तांत्रिक मानकाचा परिणाम आहे. मानक बदलले की मोकळेपणही जाते, याचा पुरावा लवकरच मिळाला.

६/
रिलायन्स इन्फोकॉमने २००२ च्या डिसेंबरात सीडीएमए तंत्रावर सेवा आरंभली आणि २००३ च्या पावसाळ्यात ‘मान्सून हंगामा’ योजना आणली : ५०१ रुपये भरा, फोन घरी न्या, बाकी रक्कम दरमहा बिलातून फेडा. त्या हँडसेटात वेगळे सिम नव्हते. क्रमांक यंत्रातच भरलेला असे. कंपनी सोडली की हातात उरलेले यंत्र दुसऱ्या कोणत्याही जाळ्यावर मुके.

योजनेने मोबाइल श्रीमंतांच्या हातून सामान्यांच्या हाती आणला, हे निर्विवाद. ती बार्शी लाइट रेल्वेच होती : स्वस्त, दूरवर पोहोचणारी, आणि आपल्याच रुळांपुरती.

७/
पुढचा प्रसंग २२ ऑगस्ट २००८ चा. त्या दिवशी आयफोन ३जी भारतात आला. विक्रेते एअरटेल आणि व्होडाफोन. आठ जीबीची किंमत ३१,००० रुपये, सोळा जीबीची ३६,१००. अमेरिकेत हाच आठ जीबीचा फोन दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरला मिळत होता.

अमेरिकन ग्राहक स्वातंत्र्य विकून सवलत घेत होता. भारतीय ग्राहकाने जवळजवळ पूर्ण किंमत मोजली आणि तरीही फोन विक्रेत्या कंपनीच्या जाळ्याशी बांधलेलाच मिळाला. ‘पहिल्यापासून मोकळा’ म्हणणाऱ्यांनी हे पान उलटून पाहावे.

८/
तिसरा प्रसंग जिओफोनचा. २१ जुलै २०१७ रोजी त्याची घोषणा झाली तेव्हा ‘फुकट फोन’ असा गाजावाजा होता : १,५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी परत. नंतर अटी प्रसिद्ध झाल्या, त्यांत वर्षाला किमान १,५०० रुपयांचे रिचार्ज आवश्यक होते. फोनमध्ये जिओखेरीज अन्य सिम चालत नसे.

म्हणजे २००३, २००८ आणि २०१७ असे तीन ठळक दाखले. पंधरा वर्षांत तीनदा आलेल्या गोष्टीला अपवाद म्हणता येत नाही.

९/
या काळात ग्राहकाचे खरे स्वातंत्र्य वाढवले ते एका नियमाने. कंपनी बदलूनही क्रमांक कायम ठेवण्याची सोय नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झाली. तोवर क्रमांक हेच मोठे कुलूप होते. नातेवाईक, गिऱ्हाईक, बँक सगळ्यांकडे जुना क्रमांक असल्याने असमाधानी ग्राहकही जागचा हलत नसे.

इतरत्रही हेच दिसते. कॅनडाने २०१७ मध्ये फोन अनलॉक करण्याचे शुल्क बंद केले आणि नवे फोन अनलॉकच विकण्याचे बंधन घातले. ब्रिटनने २०२१ च्या अखेरीस लॉक केलेल्या फोनची विक्री थांबवली. कुलपे बाजाराच्या सद्बुद्धीने उघडल्याचे दाखले थोडे. नियमाने उघडल्याचे पुष्कळ.

१०/
आता हप्त्याची बाजू. अनलॉक फोन कर्जावर घेण्यात एक मोठा गुण आहे : फोनची किंमत आणि सेवेची किंमत वेगळी दिसते. कंपनीच्या जोडयोजनेत मासिक आकड्यात यंत्र किती आणि सेवा किती, हे ग्राहकाला उमगत नाही. कर्जात निदान मुद्दल समोर असते, आणि सेवा आवडली नाही तर सिम बदलता येते.

परंतु ‘नो-कॉस्ट’ या शब्दाने हा गुण झाकला जातो. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वात नसते. ते प्रक्रिया शुल्कात वा नाकारलेल्या सवलतीत दडलेले असते.

११/
एक कल्पित उदाहरण सोडवून पाहावे. फोनची छापील किंमत १८,०००. रोखीने घेणाऱ्यास तो १६,५०० ला मिळतो. हप्त्याने घेणाऱ्यास १,५०० चे बारा हप्ते, वर २०० रुपये प्रक्रिया शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १८,२३६. जादा गेले १,७३६.

वरवर पाहता हे साडेदहा टक्के. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असते, त्यामुळे खरा वार्षिक दर सुमारे १९ टक्के पडतो. ‘शून्य’ आणि ‘एकोणीस’ यांमधले अंतर मिरजेच्या मीटर आणि ब्रॉड गेजमधल्या अंतराहून मोठे आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जदात्याने वार्षिक दर दाखवणारे मुख्य तथ्य विवरण देणे सक्तीचे आहे. ते मागून वाचावे.

१२/
व्याज महाग असले तरी ते मोजता येते. जे मोजता येत नाही ते नवे कुलूप. कर्जाच्या फोनमध्ये आधीच एक अॅप बसवलेले असते. हप्ता चुकला की कर्जदाता दुरूनच फोनचा वापर रोखू शकतो. केनियात सफारीकॉमने २०२० मध्ये रोजच्या थोड्या शिलिंगांच्या हप्त्यावर असेच फोन विकले. २०२१ च्या दिवाळीत आलेल्या जिओफोन नेक्स्टमध्येही हप्ते थकल्यास यंत्र रोखण्याची सोय होती.

२०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जदात्यांना ही प्रथा थांबवण्यास सांगितले. २०२५ च्या सप्टेंबरात मात्र ग्राहकाच्या पूर्वसंमतीसारख्या अटींवर तीच मुभा देण्याचा विचार चालू असल्याचे वृत्त रॉयटर्सने दिले. वादाचा खरा मुद्दा येथे आहे.

१३/
या मुद्द्यावर या प्रदेशाचा इतिहास मुका नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांकडे मोर्चा वळवला. त्यांना हवे होते ते कर्जरोखे. ते मिळाले तेथे जाळून लोक परतले. अहमदनगर जिल्ह्यातही हे लोण पसरले आणि तेव्हा साताऱ्यात असलेल्या, आज सांगली जिल्ह्यात मोडणाऱ्या कुकरूडपर्यंत त्याची झळ गेली.

नील चार्ल्सवर्थ यांच्यासारख्या अभ्यासकांनी या उठावाची व्याप्ती फुगवून सांगितली गेल्याचे दाखवले आहे, आणि ते ध्यानात घ्यावे. पण व्याप्ती लहान असली तरी रोख स्पष्ट होता : एका बाजूने लिहिलेला, दुसऱ्या बाजूने अंगठा उठवलेला कागद.

१४/
त्यातून १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो आरंभी लागू झाला. तासगाव आणि वाळवा हे तालुके तेव्हा साताऱ्यात असल्याने त्याच्या कक्षेत आले. मिरज पटवर्धनांचे संस्थान असल्याने बाहेर राहिली.

कायद्याचा गाभा असा : रोख्यावर लिहिले आहे म्हणून ते अंतिम नव्हे. न्यायाधीशाने रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा इतिहास तपासावा. सावकाराने पावती आणि हिशेब द्यावा. ‘त्याने संमती दिली होती’ हे सावकाराचे उत्तर तेथे पुरेसे ठरत नव्हते. अॅपच्या अटींखाली ‘मान्य आहे’ दाबणारे बोट त्या अंगठ्याचेच वारस आहे.

१५/
दुसरे तत्त्व हत्याराचे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० सांगते की कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि उपजीविकेला लागणारी गुरे न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेही जप्त होत नाहीत. मिरजेच्या सतारमेकरांची पटाशी आणि कानस या संरक्षणात येते. आज त्यांच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन आहे. पण दूरच्या गायकाशी बोलणे, वाद्याचे चित्र पाठवणे, पैसे स्वीकारणे हे सारे ज्या यंत्रावर होते तेही आता हत्यारच झाले आहे.

तारण दिलेल्या वस्तूवर कर्जदात्याचा हक्क निराळा असतो, हा आक्षेप कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. तथापि कलमामागचा विचार टाळता येत नाही : ऋणकोचे हत्यार हिरावले तर तो ऋण फेडणार कशाने? बंद पडलेल्या फोनबरोबर यूपीआयही बंद पडते, आणि हप्ता भरण्याचा मार्गही.

१६/
तिसरे तत्त्व हप्ताबंदीचेच. सिंगर कंपनीच्या एडवर्ड क्लार्कने १८५६ मध्ये शिलाई यंत्रे हप्त्यावर द्यायला सुरुवात केली. शेवटचा हप्ता भरेपर्यंत मालकी विक्रेत्याची, ही त्या पद्धतीची मेख. ब्रिटनमध्ये विक्रेते बहुतेक हप्ते भरून झालेल्या वस्तूही उचलून नेऊ लागले, तेव्हा एलन विल्किन्सन यांच्या पुढाकाराने १९३८ चा कायदा झाला : एक तृतीयांश रक्कम भरल्यावर न्यायालयाच्या आदेशाविना वस्तू परत घेता येणार नाही.

भारतानेही १९७२ मध्ये अशाच स्वरूपाचा भाडेखरेदी कायदा संमत केला. तो कधी अमलातच आला नाही. २००५ मध्ये रद्द झाला. ग्राहकाचे कवच छापून तयार होते आणि ते कपाटात कुजले.

१७/
कर्जदात्यांचा प्रतिवाद ऐकून घ्यावा, कारण तो पोकळ नाही. ज्याचा पगाराचा दाखला नाही, पतइतिहास नाही, त्याला कुलपाच्या भरवशावरच कर्ज मिळते. कुलूप काढले तर कर्जच आटेल. १८७९ नंतरही सावकारांनी हेच म्हटले आणि काही अंशी ते खरे ठरले. अनेकांनी गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची पळवाट काढली, तेव्हा कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

यावरून धडा मिळतो तो पळवाटा बुजवण्याचा. पतसंस्थेकडे नोंद, जामीन, जास्त आगाऊ रक्कम, वसुलीचा दावा ही साधने कर्जदात्याकडे आहेतच. त्यांत आणि कुलपात फरक एवढाच की तेथे मध्ये कोणीतरी तिसरा बसलेला असतो, आणि ऋणकोला त्याच्यापुढे बोलता येते. सर्व्हरपुढे बोलता येत नाही.

१८/
तेव्हा निवाडा असा. कंपनीच्या जोडयोजनेपेक्षा अनलॉक फोनचे कर्ज बरे, कारण त्यात किंमत दिसते आणि जाळे बदलता येते. पण फोनची किल्ली कर्जदात्याच्या हाती असेल तर तो अनलॉक नव्हेच. त्याने फक्त मालक बदलला.

घेणाऱ्याने तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : वार्षिक दर किती? फोनमध्ये रोखण्याचे अॅप आहे काय? शेवटच्या हप्त्यानंतर ना-हरकत दाखला आणि अॅप काढण्याची हमी मिळेल काय? आणि नियम करणाऱ्यांकडे एकच मागणी हवी : ब्रिटनला १९३८ मध्ये जे सुचले आणि भारताने १९७२ मध्ये जे छापले, ते आता अमलात आणा. पूर्वसूचनेशिवाय आणि त्रयस्थाच्या आदेशाशिवाय कोणाचाही फोन बंद होता कामा नये.

मिरजेचे रूळ एक व्हायला शतक उलटावे लागले. या कुलपासाठी तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही. ते अजून पुरते बसलेले नाही.

(समाप्त)